पर्फचे ४७ आणि कागदावरचे २५६: मेमरी बसचा आकडा वाचताना अंश तपासा, छेदही तपासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्याकडे दोन सॉकेटचा (म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेला) इंटेल झिऑन सर्व्हर आहे, स्कायलेक पिढीतला, दर सॉकेटला १६ कोर आणि डीडीआर४-२६६६ मेमरी. प्रोग्रामचा गाभा म्हणजे एक साधं लूप: ‘ब’ आणि ‘क’ हे दोन मोठे ॲरे वाचायचे, ‘क’ला एका स्थिरांकाने गुणून ‘ब’मध्ये मिळवायचं आणि उत्तर ‘अ’मध्ये लिहायचं. घटक ८ बाइटचे, म्हणजे एका फेरीला २४ बाइट. या हिशेबाने तुमचा प्रोग्राम सेकंदाला ३५.४ जीबी हलवतो. लिनक्सच्या पर्फ या मोजणीच्या टूलने मात्र १० सेकंदांत ३,३७,५०० एमआयबी वाचन आणि १,१२,५०० एमआयबी लेखन दाखवलं. तुम्ही विचारता: काउंटर जास्त का दाखवतोय, तो काही दोनदा मोजतोय का? आणि माहितीपत्रकात २५६ जीबी प्रति सेकंद लिहिलेले असताना मी १८ टक्क्यांवर आहे, मग मेमरी अडथळा नाही असं धरायचं का? तसं असेल तर आठ थ्रेडनंतर (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांनंतर) वेग वाढायचा का थांबतो?

मी बरीच वर्षं पुण्यात वैज्ञानिक गणनेचे प्रोग्राम वेगवान करायचं काम करते आणि असा प्रश्न माझ्यासमोर दर दोन-तीन महिन्यांनी येतो. थोडक्यात उत्तर असं: काउंटर बरोबर आहे, तुमचा हिशेबही बरोबर आहे, दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत. टक्केवारीतला छेद मात्र चुकला आहे, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद दोन्ही एकाच मापात आणायला शिकवतात. बँडविड्थच्या (सेकंदाला किती डेटा जातो त्याच्या) टक्केवारीत आपण नेमकं तेच विसरतो.

आधी अंश पाहू. पर्फ जो आकडा देतो तो बाइट मोजून आलेला नसतो. मेमरी कंट्रोलरमध्ये एक काउंटर असतो, तो रॅमला दिलेल्या ‘कॅस’ आज्ञा मोजतो, वाचनाच्या वेगळ्या आणि लेखनाच्या वेगळ्या. अशी प्रत्येक आज्ञा म्हणजे एक कॅशे लाइन (प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद मेमरीचा, म्हणजे कॅशेचा, एक तुकडा), ६४ बाइट. डीडीआर४ मध्ये ८ बाइट रुंदीच्या चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या एका वाटेवर) सलग ८ वेळा डेटा जातो, म्हणून ६४. पर्फ त्या आज्ञांच्या संख्येला ६४ ने गुणतो आणि १०,४८,५७६ ने भागतो. हा गुणक कर्नलच पुरवतं. त्यामुळे तुमच्या पडद्यावरचा ‘एमआयबी’ हा दोनच्या घातातला मेगाबाइट आहे, तर माहितीपत्रकातला ‘जीबी’ दहाच्या घातातला. तुमचे ४५,००० एमआयबी प्रति सेकंद म्हणजे ४७.२ जीबी प्रति सेकंद. फरक पाच टक्क्यांच्या आसपास. गिगाच्या पातळीवर तो सात टक्क्यांवर जातो. छोटा वाटेल, पण “७८ टक्के की ८३ टक्के” अशा वादात नेमके हेच पाच टक्के असतात. सगळे आकडे पहिल्याच ओळीत एका मापात आणायची सवय लावून घ्या.

आता तुम्हाला न जुळणारा भाग. ३५.४ आणि ४७.२ यांचं गुणोत्तर काढून पाहा: बरोबर ४/३ येतं. शिवाय वाचन आणि लेखन यांचं गुणोत्तर पाहा: ३,३७,५०० ला १,१२,५०० ने भागलं की ३. तुमच्या लूपमध्ये दोन ॲरे वाचले जातात आणि एक लिहिला जातो, मग गुणोत्तर २ यायला हवं होतं. हे तिसरं वाचन कुठून आलं?

ते ‘अ’चं आहे. प्रोसेसरला ‘अ’मधल्या ८ बाइटवर लिहायचं असतं, पण कॅशेचा कारभार ६४ बाइटच्या लाइनने चालतो. एक घटक लिहायचा तर ती आख्खी लाइन आधी कॅशेत आणावी लागते आणि तिच्यावर त्या कोरचा हक्क प्रस्थापित व्हावा लागतो. याला ‘रीड फॉर ओनरशिप’ म्हणतात. तुमचं लूप पुढच्या क्षणी त्या लाइनचे आठही घटक पुसून टाकणार असतं, पण हार्डवेअरला ते आधी कळत नाही. म्हणून ‘ब’चं वाचन, ‘क’चं वाचन, ‘अ’चं न मागितलेलं वाचन आणि शेवटी ‘अ’चं लेखन. फेरीला २४ ऐवजी ३२ बाइट. तुमच्या डोळ्यांसमोर असलेला ३:१ हा त्या न मागितलेल्या वाचनाचा पुरावा आहे. दोनदा मोजणी झालेली नाही, ती वाहतूक खरोखर झाली आणि तिने बस खरोखर अडवली.

ही वाहतूक टाळता येते. कॅशेला वगळून थेट मेमरीत लिहिणाऱ्या सूचना असतात, त्यांना नॉन-टेम्पोरल स्टोअर म्हणतात. कंपायलरला पर्याय देऊन किंवा इंट्रिन्सिक (कोडमधून थेट अशी सूचना बोलावणारी फंक्शन) वापरून त्या आणता येतात. पण डोळे मिटून वापरू नका. पुढचंच लूप ‘अ’ वाचणार असेल आणि ‘अ’ कॅशेत मावत असेल, तर कॅशेतून फुकट मिळणारी गोष्ट तुम्ही रॅममधून मागवाल. मी एका प्रोग्राममध्ये हे करून काम आठव्या हिश्श्याने हळू झालेलं पाहिलं आहे. ‘अ’ मोठा असेल आणि लगेच लागत नसेल तरच फायदा, आणि तोही आधी-नंतर काउंटर बघून ठरवायचा: गुणोत्तर ३ वरून २ वर आलं तर सूचना लागू झाल्या.

जॉन मॅकॅल्पिन यांच्या ‘स्ट्रीम’ या प्रसिद्ध चाचणीशी तुलना करतानाही हीच काळजी घ्या. तिच्यातला ‘ट्रायड’ म्हणजे हुबेहूब तुमचंच लूप. स्ट्रीम फेरीला २४ बाइटच धरतं, म्हणजे प्रोग्रामने मागितलेले. बसवरून गेलेले नाही. स्ट्रीमचा आकडा छेदात आणि काउंटरचा आकडा अंशात घातलात तर कधीतरी १०० टक्क्यांच्या वरचं उत्तर येईल आणि तुम्ही टूलमध्ये बग शोधत बसाल.

अंशाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण हीच चूक मला सर्वांत जास्त दिसते. पुष्कळ जण ‘एलएलसी लोड मिसेस’ला (शेवटच्या कॅशेत न सापडलेल्या वाचनांना) ६४ ने गुणून बँडविड्थ काढतात. तो काउंटर कोरने स्वतः मागितलेल्या वाचनांचे मिस मोजतो. सलग ॲरे वाचताना बहुतेक लाइन प्रीफेचर (पुढे लागणारा डेटा स्वतःहून मागवणारा हार्डवेअरचा भाग) आधीच आणून ठेवतो, मग त्या मिस म्हणून नोंदल्याच जात नाहीत, आणि लेखनं तर त्यात नसतातच. चांगल्या, सरळ चालीच्या लूपमध्ये हा आकडा खऱ्या वाहतुकीच्या कितीतरी खाली राहतो. तुम्ही मेमरी कंट्रोलरचे काउंटर घेतलेत ते योग्य केलंत. फक्त लक्षात असू द्या की ते कोणत्याही एका प्रोसेसचे नसतात. यंत्रावर दुसरं कोणी काही चालवत असेल किंवा नेटवर्क कार्ड थेट मेमरीत लिहीत असेल, तर ते सगळं याच बेरजेत येतं. मी प्रत्येक मोजणीआधी दहा सेकंद यंत्र मोकळं ठेवून तोच काउंटर वाचते. मोकळ्या यंत्रावर दोन-चारशे एमआयबी दिसले तर हरकत नाही, चार-पाच हजार दिसले तर आधी तो पाहुणा शोधायचा. फक्त तुमच्याच प्रोसेसचा हिशेब हवा असेल तर याच प्रोसेसरमध्ये रिसोर्स कंट्रोलची सोय आहे, तिच्यातून गटवार आकडे मिळतात.

आता छेद, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न इथे आहे.

२५६ कसे आले ते उलगडून पाहू. डीडीआर४-२६६६ मधले २६६६ हे मेगाहर्ट्झ नव्हेत, सेकंदाला होणारी दशलक्ष हस्तांतरणं आहेत. घड्याळ त्याच्या निम्म्या वेगाने चालतं आणि दोन्ही कडांवर डेटा जातो. २६६६ गुणिले ८ बाइट म्हणजे एका चॅनेलला २१.३ जीबी प्रति सेकंद. सॉकेटला सहा चॅनेल म्हणून १२८, दोन सॉकेट म्हणून २५६. या गुणाकारातल्या प्रत्येक संख्येमागे एक ‘जर’ आहे. जर दोन्ही सॉकेटची मेमरी सारखी वापरली जात असेल. जर सहाही चॅनेल भरलेले असतील. जर मेमरी २६६६ वरच चालत असेल. तुमच्या संदेशात या तिन्हींपैकी एकाचीही माहिती नाही, म्हणून पुढचं सगळं “असं असेल तर” या पद्धतीने वाचा.

पहिला ‘जर’ बहुतेक वेळा प्रोग्रामच मोडतो. लिनक्समध्ये मेमरी मागितली की लगेच पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मिळत नाही. ज्या थ्रेडने त्या पानाला पहिल्यांदा हात लावला, त्याच्या सॉकेटजवळ ते पान टाकलं जातं. तुम्ही लूप ओपनएमपीने (काम थ्रेडमध्ये वाटून देणाऱ्या सोयीने) वाटलं आहे, पण ॲरेमध्ये सुरुवातीचे शून्य भरणारं लूप मुख्य थ्रेडच चालवतो, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तसं असेल तर तिन्ही ॲरे एकाच सॉकेटच्या मेमरीत बसले आहेत. दुसऱ्या सॉकेटचे १६ कोर तिथपर्यंत यूपीआय या दोन प्रोसेसरमधल्या जोडणीवरून येतात, आणि त्यांची स्वतःची मेमरी रिकामी पडून आहे. तपासणं सोपं आहे: तीच पर्फ स्टॅटची आज्ञा, सोबत ‘पर-सॉकेट’ पर्याय. एका सॉकेटसमोर जवळपास सगळा आकडा आणि दुसऱ्यासमोर नगण्य दिसला, तर तुमचा छेद त्याच क्षणी २५६ वरून १२८ वर येतो. उपायही छोटा: सुरुवातीचं भरणारं लूप त्याच पद्धतीने, त्याच थ्रेडमध्ये वाटा आणि थ्रेड कोरला बांधून ठेवा.

दुसऱ्या ‘जर’साठी मी तुम्हाला एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतर मी यंत्राचं झाकण उघडल्याशिवाय कोणत्याही टक्केवारीवर बोलत नाही. एका संस्थेत भूकंपलहरींच्या डेटावर काम करणारा गट तीन आठवडे कोड बदलत बसला होता. व्हेक्टरायझेशन झालं, लूप फोडून झाली, प्रीफेचच्या सूचना घालून झाल्या; काळ काही हलेना. त्यांच्या अहवालात लिहिलं होतं, “सॉकेटमागे ३६ जीबी प्रति सेकंद, क्षमतेच्या २८ टक्के, मेमरी अडथळा नाही.” आम्ही रात्री सर्व्हर बंद करून रॅकमधून बाहेर ओढला. हवेचा प्लास्टिकचा पन्हाळ उचलला आणि प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोजल्या. प्रत्येक प्रोसेसरला बारा खाचा, त्यांत रॅमच्या स्टिक फक्त दोन. ६४ जीबीच्या चार मोठ्या स्टिक, एकूण २५६ जीबी. खरेदीच्या वेळी सगळ्यांनी क्षमता पाहिली होती आणि ती भरपूर होती. पण दोन स्टिक म्हणजे दोन चॅनेल, म्हणजे ४२.७ जीबी प्रति सेकंद. त्यांचे ३६ हे २८ टक्के नव्हते, ८४ टक्के होते. बस गच्च भरलेली होती. पुढे प्रत्येक प्रोसेसरला ३२ जीबीच्या सहा स्टिक बसवल्या आणि अकरा तासांचं काम साडेचार तासांत व्हायला लागलं, कोडची एकही ओळ न बदलता. त्या गटातली मुलं हुशार होती, मेहनती होती. त्यांच्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं.

झाकण उघडायची मुभा नसेल तर डीएमआयडीकोड या लिनक्सच्या आज्ञेची मेमरीची यादी पाहा. कोणत्या खाचेत काय आहे ते त्यात येतं. तिथेच तिसऱ्या ‘जर’चंही उत्तर असतं: ‘स्पीड’ हा स्टिकचा वेग, आणि ‘कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड’ हा ती प्रत्यक्षात चालते तो वेग. हिशेबात दुसरा घ्या. प्रोसेसर किंवा बायोसच्या मर्यादेमुळे तो कमी असू शकतो.

समजा तुमच्या यंत्रात दर सॉकेटला तीन चॅनेल भरलेले निघाले आणि सगळी पानं एकाच सॉकेटवर निघाली. मग छेद ६४ होतो आणि तुमचे ४७.२ म्हणजे ७४ टक्के. हे खरं ठरलं तर आठ थ्रेडनंतर वेग थांबण्याचं कोडं तिथेच सुटतं.

“७४ म्हणजे अजून २६ शिल्लक आहेत की” असं म्हणाल, तर ते तितके शिल्लक नसतात. रॅमला दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश करावं लागतं आणि ८ गिगाबिटच्या चिपला त्यात ३५० नॅनोसेकंद जातात; साडेचार टक्के इथेच गेले. वाचनाकडून लेखनाकडे वळताना त्याच तारांची दिशा बदलावी लागते, त्यात घड्याळाचे ठोके वाया जातात. तुमच्या लूपमध्ये वाचन-लेखन मिसळलेलं आहे, म्हणून हा खर्च तुम्हाला लागतोच. एकाच बँकेतली (रॅमच्या चिपमधल्या एका विभागातली) वेगळी ओळ उघडायची झाली की आधीची बंद होईपर्यंत थांबावं लागतं. हे सगळं धरून मिसळलेल्या वाहतुकीत कागदावरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास पोचलात की बस भरली असं मी धरते. पण माझा अंदाजही छेदात वापरू नका. तुमच्याच यंत्रावर, तितक्याच थ्रेडसह स्ट्रीम चालवा. प्रत्येक ॲरे सर्व शेवटच्या कॅशेंच्या बेरजेच्या चौपट तरी हवा. तुमच्या दोन्ही प्रोसेसरचे मिळून ४४ एमबी असतील तर १७६ एमबी हे किमान, मी सरळ ६४० एमबीचे घेते. आणि ते चालू असताना तोच काउंटर वाचा. त्या काउंटरने दाखवलेला आकडा हा तुमचा छेद. मग अंश आणि छेद एकाच मापात येतात.

सरासरीबद्दल थोडंसं. दहा सेकंदांची एकच बेरीज फसवी असू शकते: पाच सेकंद ९४ जीबीने पळणारा आणि पाच सेकंद फाइल वाचत बसलेला प्रोग्रामही ४७ च दाखवतो. तुमचं ३:१ इतकं स्वच्छ आहे की त्यात फार भेसळ नसावी. तरी पर्फला दर १०० मिलिसेकंदांनी आकडे छापायला सांगा आणि आलेख काढा. त्याहून बारीक गेलात तर मोजणीचाच भार वाढत जातो.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे तुमचा “टक्केवारी कमी, म्हणून मेमरी अडथळा नाही” हा निष्कर्ष छेद बरोबर असतानाही चुकू शकतो. बँडविड्थ कमी असणं आणि मेमरीची वाट पाहावी न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालापूरच्या टोलनाक्यावर सगळ्या लेन मोकळ्या असतील, पण पहिली गाडी पोचल्याचा फोन आल्यावरच दुसरी घरून निघत असेल, तर नाका रिकामा आणि लोक उशिरा असं दोन्ही एकदम होतं. रॅमपर्यंत जाऊन यायला सुमारे ९० नॅनोसेकंद लागतात असं धरा. लिंक्ड लिस्टवर (प्रत्येक घटकात पुढच्याचा पत्ता असलेल्या यादीवर) चालणारा प्रोग्राम एका वेळी एकच लाइन मागू शकतो: ६४ बाइट भागिले ९० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.७ जीबी. इंटेलच्या हॅसवेल पिढीत कोरच्या पहिल्या कॅशेला एका वेळी १० मिस हाताळता यायचे; तेही सगळे भरले तर ७ जीबी. त्यावर जायला प्रीफेचर लागतो किंवा जास्त कोर. असा प्रोग्राम एका टक्क्यावर असेल आणि पूर्णपणे मेमरीमुळे अडलेला असेल. तुमचं लूप सलग चालीचं आहे, म्हणून तुम्हाला हे लागू नाही, पण पुढे अनुक्रमणिकेतून उड्या मारणारा भाग मोजाल तेव्हा हे आठवा.

पीसीआय एक्सप्रेस (विस्तार-कार्ड जोडायची वाट) किंवा यूपीआयचे आकडे वाचायची वेळ आली तर विचार तोच, फक्त छेद वेगळा. तिथे येण्याची आणि जाण्याची वाट स्वतंत्र असते, रॅमच्या चॅनेलसारखी सामाईक नसते. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या १६ लेनला एका दिशेला सेकंदाला १५.७५ जीबी, आणि पॅकेटच्या हेडरचा खर्च जाऊन हातात १२-१३. दोन्ही दिशांची बेरीज करून एका दिशेच्या मर्यादेशी तुलना करणारे अहवाल मी पाहिले आहेत. जुन्या लेखांत ‘बस युटिलायझेशन’ची टक्केवारी दिसली तर ती फ्रंट साइड बसच्या (प्रोसेसर आणि बाहेरचा मेमरी कंट्रोलर यांना जोडणाऱ्या जुन्या बसच्या) काळातली, कोअर २ वगैरेंची. २००८ मध्ये नेहेलेमपासून इंटेलने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आणला, त्यामुळे ती सूत्रं तुमच्या यंत्राला लागू होत नाहीत.

आता तुम्ही असं करा. आधी डीएमआयडीकोडने भरलेल्या खाचा आणि चालू वेग टिपा. मग ‘पर-सॉकेट’ पर्यायासह तुमचा प्रोग्राम १, २, ४, ८, १६ आणि ३२ थ्रेडवर चालवा आणि प्रत्येक वेळी वाचन व लेखन वेगवेगळं लिहा. शेवटी तेच सगळं स्ट्रीमवर. वाहतूक एकाच सॉकेटवर दिसली तर सुरुवातीचं भरणारं लूप वाटून पुन्हा मोजा. माझा अंदाज बरोबर असेल तर आठऐवजी सोळा थ्रेडपर्यंत वेग वाढत जाईल. दोन्ही सॉकेटवर सारखी दिसली आणि तरीही आठला थांबली, तर माझा अंदाज चुकला आहे. तसं झालं तर ते सगळे आकडे इथेच टाका, मी पुन्हा बसून पाहीन.